सारखी जळजळ आणि अपचन, गोळ्यांशिवाय काय करता येईल?

टेबललॅम्प

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो. वय ४१, पोट थोडं सुटलंय (खोटं कशाला बोलू). गेले चार-पाच महिने आठवड्यातून तीनदा तरी जेवल्यावर छातीत जळजळ, करपट ढेकर, आणि कधी कधी आंबट पाणी पार घशाशी येतं. काम अडावं एवढा त्रास नाही पण रात्री पाठ टेकली की हमखास सुरू. अँटासिडची बाटली उशाशीच असते, एक झाकण घेतलं की बरं वाटतं आणि तास-दोन तासांनी परत तेच.

रुटीन सांगतो. सकाळी दोन मग कॉफी, दुपारचं जेवण कॉम्प्युटरसमोर दहा मिनिटांत, रात्री साडेनऊ-दहाला दाबून जेवण, मग तोंडात एक पेपरमिंट टाकून सोफ्यावर आडवा होऊन मोबाईल. हे टाईप करताना माझं मलाच हसू येतंय, पण सगळं एकदम बदलणं जमणार नाही. खरोखर फरक कशाने पडला ते सांगा. थंड दूध, खायचा सोडा, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, आलं, ज्येष्ठमध... जो भेटेल तो वेगळं सांगतो.

---

वाफाळता_कप

एवढा विचार कशाला करताय, अर्धा चमचा खायचा सोडा अर्धा ग्लास पाण्यात, गटकन प्यायचं, एक मोठ्ठी ढेकर आणि विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

---

झुळूक७

मी या सगळ्यातून गेलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण सरसकट सगळ्याला पित्त म्हणतो ना, तिथेच गोंधळ सुरू होतो. पित्त यकृतात तयार होतं, जळजळ करतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. जठराला त्याचा त्रास होत नाही, त्याचं अस्तर त्यासाठीच बनलंय, पण अन्ननलिकेला ते झेपत नाही. दोघांच्या मधे स्नायूंची एक झडप असते, ती सैल पडली किंवा खालून दाब वाढला की आम्ल वर येतं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला उपाय कशासाठी ते आपलं आपल्यालाच कळायला लागतं. भरगच्च जेवण, घट्ट पट्टा, सुटलेलं पोट यांनी खालून दाब वाढतो. तळलेलं-तुपकट, चॉकलेट, दारू, सिगारेट यांनी झडप सैल पडते. आणि हो, पेपरमिंटनेही! तुमच्या रुटीनमधे ते वाचलं आणि मला हसूच आलं. गार वाटतं म्हणून पोटाला चांगलं असेल असं वाटतं, मीही वर्षभर खात होते.

मला सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर रात्रीच्या जेवणाच्या वेळेने. काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं. जेवण आणि आडवं होणं यात तीन तास ठेवायचे, कारण नेहमीचं जेवण जठरातून बरंचसं पुढे सरकायला दोन ते चार तास लागतात, आणि तुम्ही भरलेली बाटली आडवी करताय, झाकण सैल असताना. सोफ्यावर आडवं होणं पण त्यात धरा हं, झोप लागली नाही म्हणून ते मोजायचं नाही असं नाही.

दुसरं म्हणजे पलंगाचं डोकं. मी दोन उशा जास्त घेऊन बघितल्या, मान आखडली आणि जळजळ तशीच, कारण उशांनी माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर उलट दाबच येतो. मग पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घातले, साधारण १५ सेंटीमीटर. पहिल्या रात्री घसरगुंडीवर झोपल्यासारखं वाटलं आणि पांघरूण सारखं पायाशी जमा व्हायचं, चौथ्या दिवसापासून लक्षातही येईना. पलंग उचलता येत नसेल तर पाचरीच्या आकाराची उशी मिळते, ती पाठीपासून वर उचलते. आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराची ठेवणच अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर बरोबर उलटं.

तिखट, टोमॅटो, कांदा, कॉफी हे मात्र ज्याचं त्याचं वेगळं. मला कॉफी चालते, टोमॅटो अजिबात नाही. त्यामुळे कुणाची तरी 'हे खाऊ नका' यादी घेऊन सगळं बंद करत बसू नका. दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, जळजळ कधी झाली, आणि गोळी-औषध काय घेतलं तेही.

---

पेन्सिल

झुळूकताईंना +१. मी औषधांच्या दुकानात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून बाकीच्या उपायांबद्दल थोडं.

वाफाळता_कप, राग मानू नका पण सोडा असा बिनधास्त सांगू नये. काम करतो हे खरंय, आम्लाशी लगेच क्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, तीच ती मोठ्ठी ढेकर. पण अर्ध्या चमच्यात ६०० मिलीग्रॅमच्या वर सोडियम जातं आणि मोठ्या माणसाला दिवसभराचं मिळून २००० च्या आत ठेवा म्हणतात. ज्यांना बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि तुडुंब भरलेल्या पोटावर तर नकोच. कधीतरी एखाद्या वेळी ठीक, रोजचा उपाय नाही.

थंड दूध: घोटभर प्यायल्यावर गार वाटतं, पण दुधातल्या प्रोटीन आणि कॅल्शियममुळे नंतर आम्ल अजून सुटतं, त्यामुळे रात्री ग्लासभर पिऊन झोपणं हा तोट्याचा व्यवहार.

अ‍ॅपल सायडर व्हिनेगर: आम्लावर आम्ल. उपयोग होतो म्हणायला चांगला पुरावा नाही, दातांचं इनॅमल मात्र नक्की झिजतं.

आलं: पोट जड वाटतं, अन्न पुढे सरकत नाही, मळमळतं, अशा अपचनात थोडं आलं बरं पडतं. जास्त झालं तर त्यानेच जळजळ होते, म्हणजे गरम पाण्यात दोन-चार पातळ चकत्या, मूठभर नाही.

ज्येष्ठमध: लोक 'नैसर्गिक आहे' म्हणून महिनोन्महिने खातात. त्याने बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपीवाल्यांनी तर जपूनच.

आता टेबललॅम्प, तुम्हाला एक प्रश्न. अंगदुखी, डोकेदुखीसाठी काही घेता का? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन वगैरे? काउंटरवर अँटासिड मागणाऱ्याला मी हे विचारायचोच आणि निम्म्या वेळा उत्तर 'हो, पण त्याचा काय संबंध?' असं यायचं. संबंध असतो. ही औषधं जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. बीपीची अ‍ॅम्लोडिपिनसारखी काही औषधं झडपही सैल करतात, पण ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरला सांगायचं.

आणि चार-पाच महिने, आठवड्यातून तीनदा, म्हणजे एकदा दाखवून घ्या. एच. पायलोरी नावाचा जंतू जठरात असू शकतो, श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत कळतं, औषधाने जातो. (अल्सरमागे हा जंतू असतो हे पटवायला बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला होता, २००५ साली नोबेल मिळालं. जिगर बघा.)

गिळताना अडकतंय, वजन आपोआप उतरतंय, शौच डांबरासारखी काळी, उलटीत रक्त, सारख्या उलट्या, यातलं काही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी डॉक्टर. छातीत दाब, घाम, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, हे असेल तर जळजळच असेल म्हणून अँटासिड पीत बसायचं नाही, ताबडतोब इमर्जन्सीत.

---

वाफाळता_कप

राग कसला, बीपीचं खरंच माहीत नव्हतं. घरी बीपीची गोळी चालू असलेले आहेत, आज सोड्याचा डबा वरच्या फळीवर गेला.

---

आळशी_कासव

धागा आवडला. माझे आळशी माणसाचे उपाय: जेवल्यावर अर्धा तास च्युइंगगम, मिंटचं सोडून कुठलंही. लाळ जास्त सुटते, लाळेत बायकार्बोनेट असतं आणि ती सारखी गिळली जाते त्यामुळे वर आलेलं आम्ल धुतलं जातं. आणि पंधरा मिनिटं रमतगमत चालणं, रमतगमत म्हणजे खरंच रमतगमत, मी एकदा उत्साहात पळायला गेलो आणि जेवण कुठपर्यंत आलं ते सांगत नाही.

पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम पण बघा, छाती न हलवता पोट फुगवायचं, पाच-दहा मिनिटं. झडपेभोवती श्वासपटलाचाच वेढा असतो, तो यात कामाला लागतो. टेन्शनच्या दिवसांत मला एवढ्याशा आम्लाची पण आग आग होते, तेव्हा याने बरं वाटतं.

---

टेबललॅम्प

तीन आठवड्यांनी येतोय, उशीराबद्दल सॉरी.

वही ठेवली. पेन्सिलजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार, कारण खांदा दुखतो म्हणून मी मार्चपासून आयबुप्रोफेन घेतोय, आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुतेकदा रात्री, कधी कधी रिकाम्या पोटी, आणि हे मला मूळ प्रश्नात लिहावंसंही वाटलं नाही! वहीत सगळ्या वाईट रात्री आणि गोळीच्या रात्री शेजारी शेजारी दिसल्यावर पाच मिनिटं बघतच बसलो. डॉक्टरकडे जाऊन आलो, खांद्यासाठी फिजिओथेरपी सुरू केली, गोळी बंद. जंतूची तपासणी निगेटिव्ह आली.

पेपरमिंटचा डबा ऑफिसात वाटून टाकला. जेवण साडेआठला आणलंय, आठवड्यातून दोनदा चुकतं. चुकलं की त्या रात्री कळतंच, पण आता घशाशी येत नाही, नुसती थोडी धग. कॉफी मात्र निर्दोष सुटली, दोन आठवडे बंद ठेवून बघितली, काडीचा फरक नाही, परत सुरू.

ठोकळे लावायला बायकोने साफ नकार दिलाय. तिच्या मते घसरगुंडी मी एकट्याने वापरावी. त्यामुळे पाचरीची उशी आणलीये आणि डाव्या कुशीवर झोपतोय. फक्त डावी कूस म्हणजे नेमका दुखरा खांदा खाली. यावर कुणाकडे काही आयडिया?

---

झुळूक७

दुखरा खांदा थोडा पुढे काढून छातीशी एक उशी कवटाळायची, म्हणजे अंगाचा भार खांद्यावर न येता पाठीच्या वरच्या भागावर जातो. फिजिओला पण विचारा, ते तिथल्या तिथे झोपवून दाखवतात.