सून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, आम्ही कॅथलिक : जानेवारीतील ऐक्य सप्ताह धर्मग्रामात कसा पाळावा?

आळीतली काकी, वसई
नमस्कार. आमचे घराणे वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि मी सध्या धर्मग्राम परिषदेवर आहे. माझी धाकटी सून रत्नागिरीची असून तिचे माहेर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे आहे. दर रविवारी ती आमच्याबरोबर मिस्सेला, म्हणजे आमच्या उपासनेला येते, वाचने मन लावून ऐकते, गायनवृंदाच्या सुरात सूर मिसळते. मात्र ख्रिस्तप्रसादाची (पवित्र भाकरीची) रांग सुरू झाली की आमचा बाक रिकामा होतो आणि ती एकटी गुडघ्यांवर मागे राहते. दर आठवड्याला ते पाहताना माझ्या पोटात तुटते.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. आमच्याकडे रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती वाढवली की तो संपतो. या वर्षी परिषदेपुढे काही ठोस मांडायचे आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बांधवांनी एकत्र नेमके काय करता येईल? आणि ‘तिला पुन्हा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) द्या, म्हणजे प्रश्नच मिटला’ असे काही नातेवाईक म्हणतात, ते योग्य आहे का?

निवृत्त धर्मशिक्षक
काकी, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात गैरसमज फार खोल आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानते आणि तो आयुष्यात एकदाच होतो. तो झाला होता की नाही, किंवा रीतसर झाला होता की नाही, याविषयी चौकशी करूनही गंभीर शंका उरली, तरच सशर्त, म्हणजे ‘आधी झाला नसेल तर’ अशा अटीने, स्नानसंस्कार देतात. ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ असे आपण श्रद्धांगीकारात म्हणतो आणि घरच्याच सुनेचा बाप्तिस्मा मोजत नाही, हे बरोबर नव्हे. पुढे तिने स्वतःहून कॅथलिक चर्चमध्ये येण्याचे ठरवले तर श्रद्धेची कबुली आणि दृढीकरण (श्रद्धा बळकट करणारा संस्कार) एवढेच लागेल, परंतु तो निर्णय सर्वस्वी तिचा असला पाहिजे. सासरच्या माणसांनी तो विषय तिच्यापुढे काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असल्याने तुमच्या मुलाचे लग्न हा खराखुरा संस्कार आहे, हेही नातेवाइकांना सांगा.

ख्रिस्तप्रसादाचे दुःख मला समजते, कारण आमच्याही घरात ते आहे. तो स्वीकारणे म्हणजे श्रद्धेत आणि चर्चच्या सहभागित्वात आपण पूर्णपणे एक आहोत अशी ग्वाही देणे, असे कॅथलिक चर्च मानते. मृत्यूचे संकट किंवा तशीच गंभीर निकड असेल, तर काही अटींवर अपवाद होऊ शकतो, एरवी नाही. ती मर्यादा लपवून प्रेम दाखवता येत नाही. तिने बाकावर राहणे ही शिक्षा नाही, हे तिला कोणीतरी शांतपणे सांगितले आहे का? नसेल तर प्रमुख धर्मगुरूंना विनंती करा.

एकत्र करण्यासारखे पुष्कळ आहे : शास्त्रवाचन, स्तोत्रे, मध्यस्थीच्या प्रार्थना, प्रवचन, आजाऱ्यांच्या भेटी. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढला, त्यात हृदयपरिवर्तन, पवित्र जीवन आणि ऐक्यासाठीच्या प्रार्थना यांना या चळवळीचा आत्मा म्हटले आहे. हा सप्ताह १९०८ पासूनचा आहे आणि १९६८ पासून त्याच्या प्रार्थना व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात, म्हणजे मसुदा हाताशी आहे. रविवारच्या मिस्सेऐवजी मात्र असा कार्यक्रम ठेवू नये. आठवड्यातील एखादी संध्याकाळ निवडावी.

रत्नागिरीची लेक, सध्या ठाणे
काकी, मीही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. आमचे चर्चच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चच्या एकीकरणातून उभे राहिले. माझ्या आजोबांकडचे लोक प्रेस्बिटेरियन, आजीकडचे अँग्लिकन, असे दोन वेगळे पंथ. बिशप असावा की नसावा, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की समज आल्यावर, असे वाद दीर्घकाळ चालले आणि अखेर बाप्तिस्म्याच्या दोन्ही प्रथा एका छपराखाली राहिल्या. म्हणून ऐक्य अशक्य आहे असे कोणी म्हटले की मला पटत नाही, आणि ते लवकर होईल असे म्हटले तरी पटत नाही.

तयारीत दोन गोष्टी सांभाळा. प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणताना आम्ही शेवटी ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ असे पुढे म्हणत जातो. तुम्ही त्याआधी थांबता आणि तुमच्या मिस्सेत ते शब्द थोड्या अंतराने येतात. आधी ठरवले नाही तर नेमक्या त्या क्षणी अर्धे सभागृह गप्प होते आणि पाहुण्यांना ओशाळल्यासारखे वाटते. तुमचा स्नानसंस्कार तो आमचा बाप्तिस्मा, तुमची मिस्सा ती आमची उपासना. निवेदकाने दोन्ही शब्द वापरावेत. गीतांसाठी रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे वळा. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात जन्मलेल्या या माणसाने ख्रिस्ताला अभंगात गायले, त्यामुळे ती गीते कोणालाच परकी वाटत नाहीत.

आणखी एक मनापासूनची विनंती : आम्हाला शेवटच्या आशीर्वादापुरते व्यासपीठावर बोलावू नका, पहिल्या बैठकीलाच बोलवा.

मालवणचा एक वाचक
मला थोडी अडचण मांडायची आहे. आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. इथे ख्रिस्ती वस्ती विरळ आहे, आणि वाड्यावरच्या खुरसाकडची (क्रुसापाशी होणारी) लादीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, हीच आमची एकत्र येण्याची जागा. माझा सख्खा भाऊ एका नव्या प्रार्थनागटात गेला. तिथे त्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला आणि आमची भक्ती ही मूर्तिपूजा आहे असे शिकवले. तेव्हापासून तो खुरसाकडे येत नाही. तुमच्या सप्ताहाला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे बांधव आनंदाने येतील, पण माझा भाऊ येणार नाही, आणि माझ्या घरातील फूट तर तिथेच आहे.

वडील वारले तेव्हा तो दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा होता. आईने जाऊन त्याचा हात धरला, तेव्हा तो आत आला आणि त्याने शवपेटीला खांदा दिला. प्रार्थनेच्या वेळी तो गप्पच राहिला, पण आत होता. म्हणून परिषदेला सुचवा की अंत्यविधी आणि आजारपण यांच्यापासून सुरुवात करा. तिथे कोणाला निमंत्रणाची वाट पाहावी लागू नये.

आळीतली काकी, वसई
सर्वांचे आभार. सरांचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. बाकावर राहणे ही शिक्षा नाही, हे आपल्याला आजवर कोणीच सांगितले नव्हते, असे सूनबाई म्हणाली. ते सांगायला हवे होते, आणि आधी मीच.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर परिषदेची बैठक आहे. सप्ताहातील एक संध्याकाळ, तयारीच्या पहिल्या बैठकीलाच जवळच्या चर्चच्या पाळकांना निमंत्रण, आणि आजाऱ्यांच्या भेटींसाठी दोन्हीकडच्या माणसांची मिळून एक तुकडी, असे तीन ठराव मांडते. दादा, दफनभूमीचा मुद्दा चौथा लिहिला आहे. सूनबाईने माहेरहून गीतांचे जुने पुस्तक मागवले आहे; प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट सर्वांनी मिळून म्हणायचा की नाही, ते तिला आणि प्रमुख धर्मगुरूंना एकत्र बसवून ठरवू.