मदत हवी आहे: उपचार संपले, धास्ती संपत नाही

स्तनाच्या कॅन्सरची केमो, रेडिएशन संपून सात महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत. तरी तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. भाजी चिरता चिरता सुरी ठेवून हात काखेत जातो, गाठ चाचपतो. दिवसातून दहादा. घरच्यांच्या लेखी मी ‘बरी’ झाले, त्यामुळे बोलायचीही चोरी.

चालणं, श्वासाचे व्यायाम, डायरी करून पाहिलं. दिवस निभतो, रात्र नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन नॉर्मल. कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, त्यासोबत पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्या टाळायला सांगितलंय. म्हणून गोळ्या सुचवू नका, ते डॉक्टरांशी बोलेन. जिवाचं बरंवाईट करायचे विचार नाहीत.

कॅन्सरनंतर समुपदेशन घेतलेल्यांनो, पहिल्या भेटीत सुरुवात कुठून केलीत? आणि हे सारखं चाचपणं कशाने सुटलं?