किल्लारीच्या लेकरांचं कसलं प्रारब्ध?

तेरणाकाठी: काल इथं एकांनी लिहिलं, "देव कुणाचं वाईट करत नाही. किल्लारीत गेले ते आपापलं प्रारब्ध घेऊन आले होते." वाचून रात्रभर डोळा लागला नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा निजलेली. मी नऊ वर्षांचा. धाकटी बहीण तीन महिन्यांची, पाळण्यात. वडील हातानं माती उकरत होते. पाळण्याची दोरी आधी लागली हाताला. त्या लेकरानं काय पाप केलं होतं, सांगा.

दासानुदास: ते मीच लिहिलं होतं. पण ब्रह्मसूत्रांतही हाच आक्षेप आहे, की मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो. उत्तर असं की तो कर्माप्रमाणे फळ देतो, आणि कर्म याच जन्माचं असतं असं नाही. कर्म काढून टाकलंत तर देव लहरी उरतो. चालेल तुम्हाला?

गवंड्याचा पोर: माणसं भिंतींनी मारली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फुटी भिंती, वर माळवदाची माती. ६.२चा धक्का आणि दहा हजारांच्या आसपास बळी! कसं बांधायचं हे माणसाच्या हातात होतं, देवाला कशाला मध्ये ओढता?

तेरणाकाठी: हातात? दगड शिवारातला, माती फुकट, माळवद उन्हाळ्यात गार. सिमेंटला पैसे कुणाकडं होते? ९२ साली धक्के बसले तेव्हा अंगणात झोपायचो. थंडी पडली, परत आत गेलो. याला तुम्ही निवड म्हणता?

औशाची सून: घरांचं निघालंच आहे तर बोलते. नवं गाव दिलं, सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. गोठ्याला जागा नाही, शेत लांब. सासूबाई जुन्या ओसरीवरून तीन घरं पलीकडं हाक मारायच्या. इथं शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेवटपर्यंत म्हणत होत्या, मला जुन्या गावात न्या.

गवंड्याचा पोर: ताई, ओसरी हवी की जीव?

औशाची सून: जीव वाचला म्हणून हाक मारायची नाही का? त्या घराला पहिल्याच पावसात भेगा पडल्या. ठेकेदाराचं कुठलं कर्म धरायचं, तेही सांगा.

गवंड्याचा पोर: भेगांचं खरं आहे. मी पाहिल्यात.

सोलापूरकर: मूळ मुद्द्यावर या. १९३४च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. गांधीजी निदान जिवंत माणसांना पाप सोडा म्हणत होते. दासानुदास, तुम्ही तर मेलेल्यांवरच ठपका ठेवता!

दासानुदास: आवाज चढवू नका. माझाही मुलगा गेलाय, तापानं, सहाव्या वर्षी. कर्म मानलं म्हणून मी उभा राहिलो. तो आधार सोडणार नाही. पण दुसऱ्याच्या पाळण्यावर ते वाक्य टाकायला नको होतं. तेवढं मागं घेतो.

तेरणाकाठी: तुमच्या मुलाचं माहीत नव्हतं, काका. आई अजून दरवर्षी गणपती बसवते. विसर्जनाच्या रात्री मात्र खाट अंगणात टाकते आणि उजाडेपर्यंत बसून राहते.