घर विकून कायमचं मोटरहोममध्ये राहणं: तक्त्यात न मावणारे प्रश्न

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात घर विकून मोटरहोम घ्यायचं शिरलं. टपावरचं सोलर पॅनल किती वॉटचं, बॅटरी किती अँपिअर-तासांची, सगळ्याचा तक्ता तयार आहे. माझा विरोध नाही, उलट मलाही जायचंय. पण त्या तक्त्यात माझे प्रश्नच नाहीत. ओले कपडे वाळत कुठे घालायचे? चार दिवस पाऊस थांबला नाही तर आत कसं वाटतं? एकाला ताप आला तर दुसऱ्याने झोपायचं कुठे? भांडण झालं तर उठून जायला दुसरी खोली नाही, त्याचं काय करता? सुट्टीपुरती भाड्याने गाडी घेऊन आम्हीही फिरलोय, त्यामुळे सलग राहिलेल्यांनीच सांगावं ही विनंती.

टपावरचा सूर्य:
ताई, बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या, एवढं ह्यांना सांगा. लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, हिची ऐंशी टक्के क्षमता बिनघोर वापरता येते. वजनही साधारण निम्मं. बाकी प्रश्नांवर जाणकार बोलतील.

मैलाचा दगड:
सुईदोराताई, आम्ही दोघं बरीच वर्षं गाडीतच राहतो. कपड्यांपासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच येऊन अडकतं.

आत कपडे वाळवायचे नाहीत. श्वासाची वाफ, आंघोळीची, स्वयंपाकाची, सगळी त्या एवढ्याशा जागेत असते. त्यात गॅस. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. ही वाफ थंड काचेवर आणि गादीच्या खालच्या बाजूला जाऊन बसते. गादीखाली बुरशी धरल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा फळ्या, आणि बाहेर थंडी असली तरी टपावरची झडप बोटभर उघडी. ऊब बाहेर जाते, जाऊ दे. हीटर असा घ्या की ज्याचा धूर थेट बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, त्यावर चर्चा नको. कपडे धुवायला आम्ही जिथे वाळवायचं यंत्रही आहे तिथेच जातो आणि मुक्काम त्या हिशेबाने ठरवतो.

पावसाचं म्हणाल तर चार दिवस पाऊस म्हणजे चार दिवस पॅनलही मंद. उन्हाळ्यात उलटी पंचाईत: आपल्याला सावली हवी आणि पॅनलला ऊन. तक्त्यात हे बसत नाही, कारण तक्त्यातली गाडी नेहमी मोकळ्या मैदानात उभी असते. सपाट टपावरचं पॅनल हिवाळ्यात, सूर्य खाली असताना, फार कमी वीज देतं हेही ह्यांच्या कानावर घाला. ब्यूटेनचा गॅस वापरणार असाल तर शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही, टाकी भरलेली असून शेगडी पेटत नाही. थंडीत प्रोपेन.

ताप आला तर? दोन वेगळे बिछाने होतील अशीच गाडी बघा. बसायच्या बाकांचा पलंग होतो ती सोय कागदावर छान दिसते, पण रोज रात्री मांडायचा आणि सकाळी आवरायचा म्हटलं की आठवड्यात जीव नकोसा होतो. एक पलंग कायमचा असावा आणि बाक हा दुसरा बिछाना. भांडणाचाही उपाय बराचसा तोच आहे. शिवाय आमच्याकडे एक अलिखित नियम आहे: गाडी मागे घेताना दिशा सांगणाऱ्याचं ऐकायचं, वाद गाडी उभी राहिल्यावर. निम्मी भांडणं तिथलीच असतात.

सही_शिक्का:
घर विकण्याआधी पत्त्याचं बघा. बँक, वाहन परवाना, मतदान, डॉक्टर, सगळे कायमचा पत्ता मागतात आणि गाडीचा नंबर हा पत्ता होत नाही. दुसरं, मोटरहोमचा नेहमीचा विमा बऱ्याचदा फिरण्यासाठी असतो, कायम राहण्यासाठी नव्हे. पूर्णवेळ राहणार हे विमा कंपनीला लेखी सांगा, नाहीतर नेमका दावा करायच्या वेळी तो मुद्दा निघतो. आणि विकायचंच का? आधी वर्षभर भाड्याने द्या.

सुईदोरा:
सगळ्यांचे आभार. दगडदादा, गादीखालची जाळी आज ह्यांना वाचून दाखवली, गप्प बसले. भाड्याने द्यायचं मात्र मला पटत नाही. मागे दार उघडं राहिलं तर पहिल्याच पावसात आम्ही परत येऊ, मी ओळखते आम्हाला. आता खरा वाद: मला शिलाई मशीन न्यायचंय, हे म्हणतात वजन.

मैलाचा दगड:
वजनाचं ते बरोबर बोलतायत, पण मशीनवर का राग? युरोपात बऱ्याच मोटरहोम ३,५०० किलोच्या मर्यादेत बसवलेल्या असतात. माणसं, पाणी, सायकली, चांदवा धरला की सामानाला उरतं ते बघून धक्का बसतो. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. निघताना टाकी पूर्ण भरलीच पाहिजे असं नाही, पुढे पाणी मिळणार असेल तर निम्मी चालते. तेवढ्यात पाच मशिनं बसतील.

गाडी भरून, दोघं बसून, वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा आस (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार) वेगवेगळा तोला. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस जास्त भरलेला सापडतो. जड वस्तू मागच्या चाकांच्याही मागे, गॅरेजमध्ये (गाडीच्याच मागच्या सामानाच्या कप्प्यात) ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. मशीन दोन आसांच्या मध्ये, जमिनीलगत, पट्ट्याने बांधून. जाताजाता टायरही बघा: बाजूवर चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात.

जुनं लोखंडी मशीन असेल तर दहा-बारा किलो सहज भरेल. आधी झाकणासकट तोलून घ्या, मग ह्यांच्याशी बोला.