आधी चर्चा, मग पॅच: नियम कडक करावा का?

रात्रपाळी:
एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा खुला कोड) सांभाळतो, नोकरी करून, रात्री. यापुढे नियमच करावा म्हणतो: आधी इश्यू उघडा, म्हणजे काय बदलायचंय ते मांडा, आणि होकार मिळाला तरच पीआर (कोडमधला बदल, म्हणजे पॅच) पाठवा. न विचारता आलेला पीआर न वाचता बंद. एआयमुळे कोड लिहायला दहा मिनिटं पुरतात, वाचायला मात्र तास लागायचा तो लागतोच. परवा हजारेक ओळींचा पीआर आला. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, वर्णन झकास. मी एवढंच विचारलं, हे लॉक इथे कशासाठी? उत्तरात आधी माफी, मग तिसराच कोड. म्हणजे पाठवणाऱ्यानेही तो वाचलेला नव्हता. एसक्यूलाइट हा डेटाबेस बघा, कोड सगळ्यांना खुला, पण बाहेरचे पॅच घेत नाहीत. त्यांचं काय अडलं?

पहिला_कमिट:
साफ असहमत. एसक्यूलाइट पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे कुणाच्याच मालकीचं नाही; मालकीचा घोळ नको म्हणून ते बाहेरचा कोड टाळतात. शिवाय त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. तुमच्याकडे आहेत? माझा पहिला पीआर दोन ओळींचा होता, चुकीचा एरर मेसेज सुधारला होता. त्यासाठी इश्यू टाकून होकाराची वाट बघायला लावली असती तर मी परत फिरकले नसते.

रात्रपाळी:
दोन ओळींना सूट देऊ की.

खवट:
ओळी मोजून काय कळणार? ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या हार्टब्लीड त्रुटीत (२०१४) चूक काय होती, तर समोरून आलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जायची. एवढीशी तपासणी राहिली आणि अर्ध्या इंटरनेटची झोप उडाली. तो कोडही रिव्ह्यू होऊनच आत गेला होता.

पहिला_कमिट:
म्हणून दार लावून घ्यायचं? एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या प्रोजेक्टचं प्रकरण आठवा, मार्च २०२४. मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) एकटा, थकलेला. पॅच का रखडलेत म्हणून संशयास्पद खात्यांवरून तगादा सुरू झाला आणि त्याच काळात एका मदतनीसाच्या हाती प्रोजेक्ट गेला. चोरून आत शिरायचं मागचं दार (बॅकडोर) त्यानेच बसवलं. एकटं राहण्याची ही किंमत आहे. वाचणारे हात हवेत, आणि ते पीआर पाठवणाऱ्यांतूनच तयार होतात. लिनक्समध्ये त्याचे कर्ते टोरवाल्ड्स सगळं स्वतः थोडंच वाचतात? प्रत्येक भागाला वेगळा मेंटेनर आहे.

खवट:
अर्धंच सांगितलंत. ते दार चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वापरणाऱ्यांना दिलेल्या गठ्ठ्यात) होती. दहा जणांनी पीआर वाचले असते तरी ती दिसली नसती. सापडलं ते एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी छडा लावला म्हणून. रिव्ह्यूच्या नियमावर इतकं भांडताय, रिलीज कोण बनवतं ते कुणी विचारलं?

रात्रपाळी:
रिलीज माझ्याच लॅपटॉपवरून होतं. (हो, कळलं. हलवतो सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर.) पण रात्री अकरानंतर मला दोनशे ओळींपलीकडे काही दिसत नाही, त्याचं काय?

पहिला_कमिट:
द्या मला वाचायला. तो लॉकवाला पीआर उघडाच आहे ना?

रात्रपाळी:
आहे. घ्या. सूट दोन ओळींची नको, पन्नासची ठेवतो. त्यावरच्याला आधी इश्यू. यावर हटणार नाही.

खवट:
वाचायला द्या, कमिटचा (थेट कोड आत घालायचा) अधिकार इतक्यात नको. एक्सझेडवालाही दोन वर्षं शहाण्यासारखाच वागला होता.