आमदार अपात्रतेचा निवाडा विधानसभा अध्यक्षांकडेच राहावा का?

नीरक्षीर (धागाकर्ता)

तेलंगणातल्या पक्ष बदललेल्या १० बीआरएस (भारत राष्ट्र समिती) आमदारांच्या अपात्रतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय द्यायला सांगितलं. हे काम अध्यक्षांकडे ठेवणं कितपत योग्य, याचा संसदेने विचार करावा असंही म्हटलं. मणिपूरच्या खटल्यात २१ जानेवारी २०२० लाच निवृत्त न्यायाधीशांच्या कायमस्वरूपी लवादाचा पर्याय न्यायालयाने सुचवला होता. त्यावर काहीच हाललं नाही.

माझ्या मते हे काम अध्यक्षांकडून काढून घ्यायलाच हवं. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाच्या (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या) परिच्छेद ६ ने त्यांना निवाड्याचा अधिकार दिला, पण मुदत घातली नाही. मेख तिथेच आहे. याचिका फेटाळली तर उच्च न्यायालयात जाता येतं. नुसती दाबून ठेवली तर आव्हान कशाला देणार? महाराष्ट्रात २५ जून २०२२ ला उपाध्यक्षांनी शिवसेनेच्या शिंदे गटातल्या १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. ४ जुलैला त्याच आमदारांची मतं धरून विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला. अपात्रतेचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, तोही सर्वोच्च न्यायालयाने तारीख बांधून दिल्यावर. साडेअठरा महिने!

सभागृह

उशीर झाला हे मान्य. पण खापर एकट्या अध्यक्षांच्या माथी का? नोटिशीला उत्तर द्यायची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली ती २७ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच. त्यानंतर प्रकरण तिथेच होतं, घटनापीठाचा निकाल लागला ११ मे २०२३ ला. म्हणजे तुमच्या साडेअठरा महिन्यांतले साडेदहा न्यायालयात गेले. पुढे अध्यक्षांच्या निकालाविरुद्धची याचिका जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत गेली; नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होऊन गेली तरी तिचा निकाल नव्हता.

उत्तर प्रदेशचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. बसपचे आमदार फुटले २००३ साली. सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या १३ जणांना स्वतः अपात्र ठरवलं ते फेब्रुवारी २००७ मध्ये, सभागृहाची मुदत संपत आल्यावर. काम न्यायाधीशांकडे गेलं की वेगाने होतं, याला आधार काय? सदस्य कोण राहील हे सभागृहाने ठरवायचं, हा विधिमंडळाचा अधिकार आहे. तो एकदा हातातून गेला की परत येत नाही.

नीरक्षीर

@सभागृह, बहुमतावर निवडून आलेला आणि बहुमताने हटवता येणारा माणूस त्याच बहुमताबद्दल निवाडा करतो, यावर तुम्ही काहीच म्हणत नाही. या परिशिष्टालाच आव्हान देणाऱ्या १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात पाचपैकी दोन न्यायाधीशांचा नेमका हाच आक्षेप होता. नीलम संजीव रेड्डी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर पक्षातून बाहेर पडले. तो पायंडा पडला असता तर हा धागा काढावा लागला नसता.

उंबरठा

दोघंही 'कोण' यावर भांडताय, 'कशावर' हे सुटतंय. याचिका, प्रती, उत्तर, उलटतपासणी हे सगळं झाल्यावर निवाडा करणाऱ्यापुढे एकच खरा प्रश्न उरतो: मूळ पक्ष कोणता आणि पक्षादेश (व्हिप) कोणाचा? पक्षादेश काढणारा प्रतोद नेमायचा अधिकार विधिमंडळ पक्षाला (म्हणजे सभागृहातल्या आमदारांच्या गटाला) नाही, बाहेरच्या राजकीय पक्षाला आहे, असं घटनापीठाने स्पष्ट सांगून शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांची नेमणूक बेकायदा ठरवली होती. तरी अध्यक्षांनी शिवसेनेची २०१८ ची पक्षघटना बाजूला ठेवून १९९९ ची ग्राह्य धरली, विधिमंडळातल्या बहुमताला वजन दिलं आणि गोगावलेच वैध प्रतोद ठरले. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र झाला नाही. उद्या तिथे लवाद बसवला तरी कायद्यातली ही फट तशीच राहणार.

दुसरी फट परिच्छेद ४ ची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सवलत काढली, दोनतृतीयांश विलीनीकरणाची ठेवली, म्हणजे दोनतृतीयांश आमदार एकत्र दुसऱ्या पक्षात गेले तर अपात्र ठरत नाहीत. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. मूळ पक्ष कुठेही विलीन झालेला नसताना उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ ला ते वैध धरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. हा निवाडा अध्यक्षांपुरता राहिला नव्हता, न्यायालयानेही तोच अर्थ लावला. आधी परिच्छेद ४ काढा.

सभागृह

परिच्छेद ४ बद्दल सहमत. पण लवादाचे सदस्य कोण नेमणार? सरकार नेमणार असेल तर आपण अध्यक्षांकडून निघून मंत्रालयात पोचलो.

नीरक्षीर

म्हणूनच मला अनुच्छेद १९२ ची वाट बरी वाटते. लाभाच्या पदाबद्दल राज्यपाल निवडणूक आयोगाचं मत घेतात आणि ते त्यांच्यावर बंधनकारक असतं. गोस्वामी समितीने १९९० मध्ये पक्षांतरासाठीही हेच सुचवलं होतं.

उंबरठा

त्याच आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं नाव आणि चिन्ह देताना आमदार-खासदारांच्या संख्येवरच भर दिला. म्हणजे पुन्हा तिथेच आलो.

आज लगेच करता येण्याजोगं एक आहे. याचिका ९० दिवसांत निकालात निघाली नाही, तर त्या आमदाराला मंत्रिपद नाही आणि विश्वासदर्शक ठरावावर मत नाही, एवढं परिशिष्टातच लिहा. मग अध्यक्षांनी दाबून ठेवण्यात कोणालाच फायदा उरत नाही. मणिपूरमध्ये १८ मार्च २०२० ला अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा अधिकार) वापरून सर्वोच्च न्यायालयाने पक्षांतर केलेल्या एका मंत्र्याला थेट मंत्रिमंडळाबाहेर काढलं होतं. तेच कायद्यात आणा.

सभागृह

कायद्यात आणायला माझी हरकत नाही. १४२ खाली न्यायालयाने मंत्री काढायला मात्र हरकत आहे. पण ९० दिवस मोजताना न्यायालयाच्या स्थगितीचे दिवस वगळा. नाहीतर दिल्लीतून एक स्थगिती आणली की निवडून आलेल्या आमदाराचं मत आपोआप गेलं.