मदत हवी आहे: आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत घटनेला लावायचे कसे?

तिठा

नमस्कार मंडळी. यूपीएससी मुख्य परीक्षेला 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेतलाय, माध्यम मराठी. पदवी वाणिज्यची, त्यामुळे दुसऱ्या पेपरातला आंतरराष्ट्रीय भाग पाटी कोरी ठेवूनच सुरू केलाय. वास्तववाद (देश सत्ता आणि सुरक्षेसाठी वागतात), उदारमतवाद (देशांतर्गत राजकारण आणि संस्था महत्त्वाच्या), रचनावाद (समान समजुती आणि तत्त्वं वागणं घडवतात) यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण एखादी घटना समोर आली की तिन्हींचं उत्तर सारखंच होतं. नमुना देते:

"१९७१ चे युद्ध हे वास्तववादाचे उत्तम उदाहरण आहे. भारताने राष्ट्रहित साधले. सोव्हिएत संघाने भारताला पाठिंबा दिला. संयुक्त राष्ट्रे अपयशी ठरली. आंतरराष्ट्रीय समुदायाने बघ्याची भूमिका घेतली."

यात नक्की काय कमी आहे? आणि सुरुवात सिद्धांतांपासून करावी की घटनांपासून?

दूरबीन

घटनांपासून. आणि १९७१ ही एकच घटना आधी पुरती पिंजून काढा, बाकीच्या नंतर.

तुमचा परिच्छेद ओळीओळीने बघू. "राष्ट्रहित साधले" हे वाक्य भारत युद्धात उतरला नसता तरी लिहिता आलं असतं. जे कशालाही लागू पडतं ते काहीच समजावत नाही. सिद्धांत वापरायचा तर त्याच्यानुसार काय घडायला हवं होतं आणि काय घडायला नको होतं, हे आधी मांडायचं.

"पाठिंबा दिला" हे कुठल्या कागदावर? ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार. त्याचं कलम ९ नीट वाचा: हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोघांनी ताबडतोब विचारविनिमय करायचा आणि धोका दूर करण्यासाठी योग्य ती पावलं उचलायची. आपोआप सैन्य पाठवण्याची हमी त्यात नाही. शेजारी नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीच्या १९४९ च्या कराराचं कलम ५ ठेवा, तिथे एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला आहे. फरक लगेच दिसतो. शिवाय कलम ४ मध्ये सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करतो असंही लिहिलंय. "भारत सोव्हिएत गटात गेला" असं ठोकून देण्याआधी ही दोन कलमं डोळ्यांखालून घाला.

"आंतरराष्ट्रीय समुदाय" हे पात्रच काढून टाका. मत देशांनी दिलं, आणि कुणी काय दिलं याची नोंद आहे.

जुनीवही

दूरबीन यांना +१. मतांचा तपशील मी देते, कारण उत्तराचा सगळा दारूगोळा तिथेच आहे.

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. ठराव मंजूर व्हायला ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचंही विरोधी मत चालत नाही. तटस्थ राहणं म्हणजे नकाराधिकार नव्हे, इथे बरेच जण घसरतात. ४ डिसेंबरला अमेरिकेचा युद्धबंदीचा ठराव आला: बाजूने ११, विरोधात २ (सोव्हिएत संघ आणि पोलंड), तटस्थ २ (ब्रिटन आणि फ्रान्स). सोव्हिएत मतामुळे तो पडला. ५ आणि १३ डिसेंबरलाही असेच ठराव सोव्हिएत मतानेच अडले.

परिषद अडकली म्हणून ६ डिसेंबरला विषय महासभेकडे गेला. असा मार्ग १९५० च्या 'शांततेसाठी एकजूट' ठरावाने खुला केला होता. ७ डिसेंबरला महासभेने युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव २७९३ मंजूर केला: बाजूने १०४, विरोधात ११, तटस्थ १०. विरोधातल्या ११ मध्ये भारत, भूतान आणि उरलेले सोव्हिएत संघ व त्याच्या बाजूचे देश. त्यात सोव्हिएत संघाचाच भाग असलेल्या युक्रेन आणि बेलारूसची वेगळी मतं होती, आकडा बघताना ते विसरू नका.

आता खरा प्रश्न. युगोस्लाव्हिया आणि इजिप्त, म्हणजे अलिप्त चळवळीतले भारताचे जुने सोबती, त्या १०४ मध्ये होते. का?

पाऊलवाट

इथेच तिन्ही सिद्धांत वेगळे होतात.

अमेरिका, चीन आणि सोव्हिएत संघाची मतं सत्तासंतुलनाने (कुणी एक फार बलाढ्य होऊ नये म्हणून बाकीचे तोल साधतात, या तर्काने) सुटतात. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना चीनचं दार उघडायचं होतं, त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर जुलैत पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते. चीनला २५ ऑक्टोबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली आणि सोव्हिएतांशी त्याचं वैर १९६९ च्या उसुरी नदीवरच्या चकमकींपासून चिघळलं होतं. वास्तववाद इथे छान चालतो.

पण आफ्रिकेतल्या एखाद्या देशाला दक्षिण आशियातल्या संतुलनाशी काय देणंघेणं? त्या मताला रचनावादाकडे चांगलं उत्तर आहे. आफ्रिकी एकता संघटनेने १९६४ मध्ये कैरोत वसाहतकाळातल्या सीमा जशाच्या तशा पाळायचं ठरवलं. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राचं युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं होतं. शेजाऱ्याच्या सैन्याच्या मदतीने देश फुटतो हे चित्र त्यांच्या पोटात गोळा आणणारं होतं. मग भारतावर आलेला सुमारे १ कोटी निर्वासितांचा भार त्यांना कळत असूनही मत सीमेच्या बाजूने पडलं.

उदारमतवाद वापरायचा तर देशाच्या आत शिरा. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग या पक्षाला पूर्व पाकिस्तानच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० मिळाल्या, संपूर्ण देशात बहुमत, तरी सत्ता मिळाली नाही. युद्धाचं मूळ तिथे आहे. "संयुक्त राष्ट्रे अपयशी" एवढ्यावर उदारमतवाद उरकणं म्हणजे सर्वांत सोपी पळवाट.

कोकणकडा

जरा वेगळं मत. १९७१ म्हटलं की आपल्याकडे छाती फुगते आणि उत्तराचं भाषण होतं. नवख्याने १९६२ चा क्यूबा क्षेपणास्त्र पेच घ्यावा, तिथे आपलं कुणी नाही.

दूरबीन

मुद्दा रास्त, पण उलट उपयोगही होतो. आपण १०४ विरुद्ध ११ मधल्या ११ मध्ये होतो, हे डोक्यात बसलं की भाषण आपोआप थांबतं.

तिठा, अजून एक सवय लावा: "अमेरिकेने ठरवले" असं लिहिलं की लगेच 'कुणी?' हा प्रश्न विचारा. ६ एप्रिल १९७१ ला ढाक्याच्या अमेरिकी वकिलातीतल्या वीस जणांनी स्वतःच्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली, कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. म्हणजे खुद्द अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात एकमत नव्हतं. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांच्या व्यक्ती, राज्य, व्यवस्था या तीन पातळ्या इथे कामाला येतात: निक्सन-किसिंजर यांचे पूर्वग्रह पहिल्या पातळीवर, व्हाइट हाउस विरुद्ध परराष्ट्र खातं दुसऱ्या, चीन-सोव्हिएत वैर तिसऱ्या. वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक तथ्य एकाच रकान्यात टाका. ज्याचा रकाना ठरत नाही, त्याच्यावर विचार करायचा.

आणि क्रमाला कारण समजू नका. किसिंजर जुलैत चीनला गेले, ऑगस्टमध्ये करार झाला, म्हणून पहिल्यामुळे दुसरं, असं सरसकट लिहितात. कराराची बोलणी १९६९ पासून चालू होती. जुलैच्या भेटीने घाई झाली असं म्हणता येतं, जन्म त्यातून झाला असं नाही.

तिठा

खूप आभार. मूळ कागद कुठे मिळतील? आणि हे सगळं १० गुणांच्या, १५० शब्दांच्या उत्तरात कसं मावायचं?

जुनीवही

संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात 'एस/पीव्ही.१६०६' शोधा, ते ४ डिसेंबरच्या बैठकीचं शब्दशः इतिवृत्त. अख्खं वाचू नका, भारत, पाकिस्तान, सोव्हिएत संघ आणि चीन यांची भाषणं पुरेत. अमेरिकी बाजू हवी तर त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाने छापलेल्या १९६९-७६ च्या दस्तऐवजांचा ११ वा खंड १९७१ च्या दक्षिण आशियावर आहे, संकेतस्थळावर फुकट.

१५० शब्दांत तिन्ही सिद्धांत कोंबू नका. एक दावा २० शब्दांत, त्याला टेकू देणारी दोन तथ्यं ७०-८० शब्दांत, त्या दाव्यात न बसणारं एक तथ्य ३०-४० शब्दांत. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात.

तिठा

प्रयत्न केला: "डिसेंबर १९७१ मध्ये महासत्तांची मते सत्तासंतुलनाने ठरली. सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला; चीनशी जवळीक साधणाऱ्या अमेरिकेने युद्धबंदीचा आग्रह धरला. मात्र महासभेत १०४ देशांनी दिलेला माघारीचा आदेश केवळ संतुलनाने समजत नाही. नवस्वतंत्र देशांना प्रादेशिक अखंडतेचे तत्त्व जपायचे होते."

पाऊलवाट

आता उत्तर वाटतंय. फक्त 'आदेश' खोडा. अशा प्रश्नावर महासभेचा ठराव ही शिफारस असते, बंधन घालायचा अधिकार परिषदेचा. आणि शब्द उरले तर चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये बांगलादेशच्या सदस्यत्वाविरुद्ध वापरलेला नकाराधिकार पहिल्या दाव्याखाली घाला. सदस्यत्व मिळालं ते थेट १७ सप्टेंबर १९७४ ला.